पावसाचे सोंग

डोंगरांच्या मागे, जिथे गुराखीसुद्धा गुरे नेत नाहीत अशा एका रानात, नदीकाठी एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली असेल. काडीसारखे पिवळे पाय, डोक्यावर काळी टोपी, आणि कोणी जवळ आले की रान डोक्यावर घेणारा आवाज. ती घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडचे तिकडे करते, मधोमध अंडी घालते आणि त्यांच्यावर बसते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे ती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

त्या रानात मात्र वैशाख सरत आला की सगळे जण टिटवीची अंडी शोधायला निघत. खायला नव्हे, पाहायला. कारण तिथल्या प्राण्यांचा एक जुना विश्वास होता. टिटवीने उंच माळावर अंडी घातली, तर त्या वर्षी नदी दुथडी भरून वाहायची. काठाच्या उतारावर घातली, तर बेताचा पाऊस. तसेच कावळ्याचे. त्याने आंब्यावर घर केले तर चांगले, बाभळीच्या काट्यांत केले तर वाईट. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून झाडावर चढू लागल्या, चिमण्या धुळीत अंग घुसळू लागल्या, की पाऊस उंबरठ्यावर आला असे समजायचे. ही सगळी लक्षणे एका म्हाताऱ्या वानराला पाठ होती. उंबराच्या झाडावर बसून तो ती पिल्लांना सांगे. "टिटवीनं नदीच्या पात्रात अंडी घातली तर?" असे एखाद्या पिल्लाने विचारले, की तो शेपटी आवरून घेई आणि म्हणे, "ते नंतर कधीतरी."

आदल्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. नदी केव्हाच आटली होती. पात्रात नुसती वाळू आणि गोटे उरले होते, आणि उंबराखालच्या डोहात तेवढे पाणी होते. सगळे रान त्या एका डोहावर जगत होते.

त्या वर्षीही टिटवी अंडी घालायला उंच माळावर गेली. तिथे तिची नेहमीची जागा होती. ती जागा तिने पायाने उकरून पाहिली, गोल फिरून पाहिली, पण तिला बसवेना. ती उतारावर आली. तिथेही बसवेना. पाय आपोआप खाली खाली जात होते, आणि ती त्यांच्या मागून ओढल्यासारखी जात होती. पात्राच्या अगदी मधोमध, जिथे एरवी पाण्याची धार सर्वांत जोराची असते, तिथे ते थांबले. टिटवीने तिथे अंडी घातली. मग मान वर करून तिने दोन्ही काठांकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच अंड्यांची भीती वाटली.

वरून जाणाऱ्या कावळ्याने ती पाहिली. त्याच्या चोचीत एक काटकी होती, आणि ती घेऊन तो स्वतः बाभळीकडेच निघाला होता.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोचली. उंबराखाली सगळे जमले. हरिणे, सांबर, रानडुकरे, मोर, चिमण्या. लहानग्या पाडसाला पायांशी घेऊन एक हरिणी पुढे उभी होती.

"वानरबाबा," ती म्हणाली, "आता तरी सांगा. पात्रात अंडी घातली तर काय?"

वानराने सवयीने शेपटी आवरून घेतली. मग म्हणाला, "तर नदीला पाणी येत नाही. जिथून पाणी वाहणार, तिथे टिटवी पिल्लं वाढवेल कशी? मी आईच्या पोटाला बिलगलेला होतो, तेव्हा असं एकदा झालं होतं. डोहात पाणी आणि पायांत बळ होतं तेवढ्यात सगळं रान उठून डोंगरापलीकडच्या तळ्यावर गेलं होतं. मला दुसरं काही आठवत नाही. पावलांचा आवाज तेवढा आठवतो."

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. तळे फार दूर होते. मधली टेकाडे उघडी होती, सावलीचे नाव नव्हते. हरिणीने पाडसाकडे पाहिले. ते अजून नीट उड्याही मारत नव्हते. वानराने आपल्या हातांकडे पाहिले. त्या हातांना आता झाडावर चढणेच जड जात होते. चालत एवढ्या लांब ते काय पोचणार?

"मी पाहुणा आहे," मागून कोणीतरी म्हणाले. "दोन शब्द बोललो तर चालेल का?"

सगळ्यांनी वळून पाहिले. मागे एक तरस होता. तो कधी आला, कुठून आला, कोणाला कळले नव्हते. त्याचे मागचे पाय आखूड होते, त्यामुळे उभा असला तरी तो आता बसणारच आहे असे वाटे. आवाज मऊ होता.

"टिटवीबाईंनी उंचावर अंडी घातली की पाऊस पडतो, असंच ना?"

"असंच," वानर म्हणाला.

"मग ती उंचावर ठेवा."

चिमण्या हसल्या. सांबरही हसले. वानरही हसायला गेला, पण हसू त्याच्या तोंडावरच राहिले. कारण तरस हसत नव्हता. तो आळीपाळीने एकेकाच्या डोळ्यांत पाहत होता, आणि ज्याच्याकडे तो पाही त्याचे हसणे थांबे. हळूहळू सगळेच थांबले.

"करून तर पाहू," हरिणी हलक्या आवाजात म्हणाली. "त्यात आपलं जातंय काय?"

दुसऱ्या दिवशी सगळे पात्रात उतरले. टिटवीने पंख पसरून आरडाओरडा केला. "हात लावू नका! ती तिथंच राहू द्या!"

"टिटवीबाई," वानर म्हणाला, "सगळ्यांसाठी करायचंय. तुम्ही पात्रात का बसलात, ते तरी सांगा."

"मला ठाऊक नाही," टिटवी म्हणाली. "आभाळातलं मला काही कळत नाही, बाबा. माझे पाय इथं थांबले."

वानराने तिची नजर चुकवली. मग वाकून, अगदी अलगद, त्याने चारही अंडी ओंजळीत घेतली आणि काठ चढून वरच्या काळ्या कातळावर नेऊन ठेवली. टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालत होती. दुसरा एखादा पक्षी असता तर हललेल्या अंड्यांकडे पाठ फिरवून निघून गेला असता. ही गेली नाही. कातळ तव्यासारखा तापला होता. ती डोहावर जाऊन पोटाची पिसे भिजवी, उडत वर येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. पिसे सुकली की पुन्हा खाली जाई. असे तिचे दिवसभर चाले.

अंडी उंचावर गेली, आणि रानाला जरा बरे वाटले. पण तेवढ्यावर कोणी थांबेना. कावळ्याला बाभळीवरून उठवून आंब्यावर घर करायला लावले. सांबराने खुराने वारूळ खरवडले, तशा मुंग्या घाबरून अंडी तोंडात घेऊन बाहेर पडल्या. त्यांना आंब्याच्या खोडाकडे वळवले. मुंग्या रांगेने वर चढल्या. वर त्यांना अंडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून उन्हे कलताना त्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा चढायला लावले. चिमण्यांना धुळीत न्हायला सांगितले. त्या इतक्या न्हायल्या की त्यांच्या माना पिसांवाचून लाल दिसू लागल्या.

रानडुकराने डोहाकाठचा सुकलेला चिखल उकरला आणि आत झोपलेले बेडूक बाहेर काढले.

"ओरडा," ते म्हणाले.

"अजून वेळ झालेली नाही," एक बेडूक अर्धवट डोळे उघडून म्हणाला. "आमच्या अंगाला कळतं."

"ओरडा," रानडुक्कर पुन्हा म्हणाले. त्याचा पाय बेडकाच्या अगदी जवळ होता. बेडूक ओरडू लागले.

मुलांनो, ते दृश्य तुम्ही डोळ्यांपुढे आणून पाहा. भर दुपारची वेळ. वर आभाळ राखेने घासल्यासारखे पांढरे, त्यात ढगाचा एक ठिपका नाही. झाडांची पाने खाली लोंबताहेत, वारा नाही. आणि खाली पावसाची सगळी लक्षणे नीट आपापल्या जागी चालू आहेत. मुंग्या चढताहेत. चिमण्या धूळ उडवताहेत. डोहाकाठी बेडूक कोरड्या गळ्यांनी ओरडताहेत. मोर पिसारा उभारून रिकाम्या आभाळाखाली गोल गोल नाचतो आहे, आणि त्याच्या पायांतून धुळीखेरीज काही उठत नाही. मोर थकून थांबला की सगळे त्याच्याकडे पाहत, आणि तो पुन्हा पिसारा उभारी. कोणी कोणाशी बोलत नसे. बोलले तर काहीतरी मोडेल, अशी सगळ्यांना धास्ती वाटे.

तरस एका बाजूला बसून असे. सगळ्यांचे कौतुक तोच करी.

"आजची मुंग्यांची रांग छान होती. कालच्यापेक्षा लांब," तो म्हणे. किंवा, "बेडूकबुवा, आवाज लागला हो आज. आता पाऊस कसला थांबतोय!"

मृग निघाला आणि कोरडाच गेला. डोह आत आत सरकू लागला. काठाला चिखलाचे पापुद्रे उलले. सकाळी पाण्यावर सगळे जमत तेव्हा कोणी ना कोणी कमी असे. आधी एक म्हातारे सांबर आले नाही. मग दोन हरिणे. मग डुकरांची पिल्ले. "ते कुठं गेले?" असे कोणी विचारत नसे. जागा मोकळी दिसली की शेजारचा थोडा सरकून ती भरून काढी, आणि मोर नाचायला उभा राही.

कातळावर टिटवीचे हाल चालले होते. डोह जितका आटे तितके तिला पोट भिजवायला खाली चिखलात शिरावे लागे. एका दुपारी ती परत आली तेव्हा दोन अंड्यांवर बारीक चीर गेली होती. तिने ती चोचीने बाजूला सारली, पण फार दूर नाही. उरलेल्या दोन्हींवर ती बसली.

कातळ उंच होता, त्यामुळे तिथून तिला खालच्या कोणाला न दिसणारे दिसे. ऊन चढले की तरस उठे, कोणाच्या लक्षात न येता बांबूच्या बेटामागे जाई आणि बऱ्याच वेळाने परत येई. परतताना तो जीभ फिरवत असे. बेटामागे हाडे पडली होती. त्याने कोणाला मारल्याचे टिटवीने कधी पाहिले नाही. तो मारत नव्हता. जे थकून तिथे जाऊन पडत, त्यांच्याजवळ तो नुसता बसून राही. कधीकधी तो त्यांच्याशी बोलतही असे. काय बोलतो ते एवढ्या उंचावर ऐकू येत नसे. पण त्याची मान आपुलकीने हललेली दिसे.

टिटवी ओरडून ओरडून सांगू लागली. तेव्हा खालून वानर म्हणाला, "टिटवीबाई, अभद्र ओरडू नका. लक्षणं बिघडतात."

याच सुमारास एक गोष्ट घडली. हरिणी पाडसाला घेऊन डोहाकाठी उभी होती. पाडसाच्या बरगड्या मोजता येण्याजोग्या झाल्या होत्या. त्याने मुंग्यांकडे पाहिले, नाचणाऱ्या मोराकडे पाहिले, बेडकांचे ओरडणे ऐकले. मग त्याने आईला विचारले,

"आई, पाऊस म्हणजे हाच का?"

हरिणीने त्याचे कपाळ चाटले.

"मग तहान का जात नाही?" पाडस म्हणाले.

हरिणी तिथून सरळ कातळावर चढून गेली. टिटवी दोन अंड्यांवर बसली होती, आणि शेजारी तडकलेली दोन पडली होती. हरिणीने ती पाहिली आणि तिच्याने मान वर करवेना.

"टिटवीबाई, करून तर पाहू, असं मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आता खरं सांगा. पाऊस येईल का?"

"हरिणताई, मला आभाळातलं कळत नाही," टिटवी म्हणाली. "तेव्हाही हेच सांगितलं होतं. माझे पाय कुठं थांबले होते, तेवढंच मी सांगू शकते. आणि त्या बांबूच्या बेटामागं काय आहे, ते तुम्ही इथून स्वतःच पाहा."

हरिणीने पाहिले. बराच वेळ पाहिले. त्या हाडांत एक लहानसे डोके होते. ते डुकरांच्या कोणत्या पिल्लाचे, ते तिला ओळखता आले.

ती खाली उतरली तेव्हा सोंग ऐन रंगात आले होते. हरिणी चालत मधोमध गेली आणि मोरासमोर उभी राहिली.

"पाऊस येणार नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ज्या शब्दांना सगळे इतके दिवस भीत होते, तेच ते शब्द होते. मोराचा पिसारा आपोआप खाली आला. चिमण्या धुळीत होत्या तशाच राहिल्या. बेडूक गप्प झाले. मुंग्यांची रांग खोडावर जागच्या जागी थांबली. इतकी शांतता पसरली की डोहातल्या चिखलाचे पापुद्रे उलताना वाजत होते ते ऐकू आले.

"असं बोलू नये, ताई," तरस मऊपणे म्हणाला. "बोललं की तसंच होतं."

"तुम्हाला पाणी पिताना आम्ही कधी पाहिलं नाही," हरिणी म्हणाली.

"मला फारसं लागत नाही."

"आणि खायला?"

तरस हसला. तो पहिल्यांदाच हसला होता. त्याचे दात पाहून सगळ्यांची नजर खाली गेली, आणि खाली त्यांना त्याचे पोट दिसले. रानात सगळ्यांची पोटे खपाटीला गेली होती. एकट्या तरसाचे पोट गोल होते, पावसाळ्यातल्या पोटासारखे. इतके दिवस तो त्यांच्यातच बसत होता, तरी आजवर ते कोणी पाहिले नव्हते.

सांबराने शिंगे खाली केली. तरस मागे सरला, पण पळाला नाही. थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा बसला. त्याला कसलीच घाई नव्हती.

"बाबा," हरिणी वानराला म्हणाली, "तळ्याची वाट सांगा."

वानर उंबराखाली बसला होता. त्याचे तोंड एकदम फार म्हातारे दिसू लागले. "मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मला चालवणार नव्हतं, म्हणून वाटलं, कोणालाच जायला लागू नये."

तो उठला. हातापायांवर रेलत, मधे मधे थांबत तो कातळावर चढला. टिटवी ओरडली नाही. ती अंड्यांवरून उठली आणि बाजूला झाली. वानराने उरलेली दोन अंडी ओंजळीत घेतली. त्याने ती छातीशी धरली. पात्रात उतरून त्याने ती होती तिथेच, खड्यांच्या मधोमध ठेवली. तिथली वाळू वरून तापली होती, पण वानराने बोट खुपसले तेव्हा तळाशी थोडा गारवा लागला.

"टिटवीबाई," तो म्हणाला. आणि तो बाजूला सरला.

टिटवी अंड्यांवर बसली.

मग वानराने वाट सांगितली. "सूर्य मावळतो त्या बाजूला दोन टेकाडांच्या मधे खिंड आहे. खिंड ओलांडली की उतार लागेल. ऊन असेल तोवर कड्याच्या सावलीत थांबा, उन्हं कलली की चाला. मागं कोणी पडलं तर हाका मारत राहा, त्याला एकटं बसू देऊ नका. तळं दिसायच्या आधी वासानं कळेल."

"आणि तुम्ही?" पाडसाने विचारले.

"मी इथं बसून टिटवीबाईंना सोबत करतो."

संध्याकाळी सगळे निघाले. कोणी रांग लावली नाही. वानर उंबरावर चढला, डोळे मिटून बसला आणि पावलांचा आवाज कमी कमी होत जाताना ऐकत राहिला. तरस उभा होता. त्याने निघालेल्यांकडे पाहिले, मग उंबराकडे पाहिले. कोणामागे जावे याचा तो विचार करत होता. ते सगळे एकत्र चालले होते आणि एकमेकांना हाका मारत होते. तरसाला ते आवडले नाही. तो उंबराखाली आला आणि बसला.

निघालेले सगळेच पोचले नाहीत. दोन म्हातारी हरिणे खिंडीतच राहिली, आणि एका रानडुकराला उतार झेपला नाही. पण त्यांच्यापाशी शेवटपर्यंत आपली माणसे होती, म्हणजे आपली जनावरे होती, असे म्हणू या. हरिणीचे पाडस पोचले. तळे दिसायच्या आधी खरेच त्याला वासाने कळले. ते काठाशी गेले, पाण्यात तोंड घातले आणि इतका वेळ वर काढले नाही की आईला काळजी वाटली.

त्या वर्षी जुन्या रानात पाऊस झालाच नाही.

बऱ्याच दिवसांनी टिटवी तळ्यावर आली. ती उडत नव्हती, चालत आली होती. तिच्या मागे दोन पिल्ले होती, कापसाच्या बोंडांना पाय फुटावेत तशी. सगळे धावले. हरिणीने आधी पिल्लांना पाण्यापाशी वाट करून दिली, आणि त्यांचे पिऊन होईपर्यंत थांबली. मग विचारले,

"वानरबाबा?"

टिटवी एका पायावर उभी राहिली. थकल्यावर ती तशी उभी राही.

"उंबरावरच होते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी डोहात उरलेला ओला चिखल मी पोटाला लावून नेत असे. त्यांना म्हटलं, तुम्हीही थोडा चाटा. तर म्हणत, आधी अंड्यांना. तरस खाली बसून असायचा. रोज सकाळी तो वर पाहून मऊ आवाजात विचारायचा, 'बाबा, आज काय लक्षण?' त्याला वाटायचं, म्हातारा भ्यायलाय, काहीतरी चांगलं बोलेल. बाबा आभाळाकडे नीट पाहायचे. घाई करायचे नाहीत. मग म्हणायचे, 'ऊन.'"

"रोज?"

"रोज. तरस म्हणायचा, 'तिकडे ढगासारखं काहीतरी दिसतंय ना?' बाबा पुन्हा पाहायचे आणि म्हणायचे, 'ऊन.' त्यांचा आवाज बारीक होत गेला. पण शब्द तोच. पिल्लं बाहेर पडली त्या दिवशीही त्यांनी वरून पाहिलं, आणि मला हाक मारून म्हणाले, 'यांना घेऊन लवकर निघा, टिटवीबाई, आज ऊन कालच्याहून कडक आहे.' मी म्हटलं, 'पिल्लांचे पाय जरा घट्ट होऊ देत.' दुसऱ्या दिवशी सकाळी तरसानं विचारलं, आणि वरून काही उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग तो उठला."

टिटवी थांबली. पिल्ले पाण्यातून बाहेर येऊन तिच्या पोटाखाली शिरली.

"तेव्हा मी निघाले," ती म्हणाली.

पाडसाने तळ्यावरच्या आभाळाकडे मान वर करून पाहिले. बराच वेळ नीट पाहिले, आणि जे दिसले तेच त्याने मोठ्याने सांगितले.

तात्पर्य : मनासारखी लक्षणे जुळवून आणता येतात, पण त्यामुळे आभाळ मनासारखे होत नाही. वाईट बातमीसुद्धा वेळेवर मोठ्याने बोलावी, म्हणजे वाट चालायला पायांत बळ उरते.